रोलर डर्बीचा पहिला सराव: साहित्य, शरीर आणि पायऱ्यांचा क्रम

रोलर डर्बी हा चाकांच्या स्केट्सवर, अंगाला अंग लावून खेळायचा सांघिक खेळ आहे. त्याच्या पहिल्या सरावात जे बिघडते, त्याचे मूळ बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवस आधीच्या तयारीत सापडते. पैशांचा मोठा वाटा स्केट्सवर खर्च होतो, गुडघ्याचे पॅड उरलेल्या पैशांत घेतले जातात, हेल्मेट घरातल्या मोटारसायकलचे आणले जाते आणि कसे पडायचे हे कळण्याआधीच वेगाने पळण्याची घाई होते. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात गुडघा किंवा मनगट दुखावते आणि शिकायला आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत. सिमेंटचे उघडे रिंक किंवा बास्केटबॉलचे मैदान, काळ्या मातीची बारीक धूळ, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आणि जवळच्या बाजारात डर्बीचे साहित्य न मिळण्याची शक्यता, ही मराठवाड्यातली परिस्थिती गृहीत धरून ते लिहिले आहेत.

टप्पा १ : नियमांची किमान ओळख

सगळे नियम पाठ करण्याची गरज नाही, मात्र मैदानावर काय चालले आहे एवढे कळले पाहिजे. खेळ सपाट, अंडाकृती ट्रॅकवर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालतो. एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू ट्रॅकवर असतात: चार ब्लॉकर, ज्यांतला एक पिव्होट (गरज पडल्यास जॅमरची जागा घेऊ शकणारा ब्लॉकर) असू शकतो, आणि हेल्मेटवर ताऱ्याचे आवरण घातलेला एक जॅमर. खेळाच्या एका छोट्या डावाला जॅम म्हणतात. एक जॅम जास्तीत जास्त २ मिनिटे चालतो, दोन जॅमच्या मध्ये ३० सेकंद मिळतात आणि पूर्ण सामना ३० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. ब्लॉकरांच्या घोळक्याला पॅक म्हणतात. पॅकमधून एकदा बाहेर पडलेला जॅमर पुढच्या फेरीपासून जितक्या प्रतिस्पर्ध्यांना नियमाने ओलांडतो, तितके गुण त्याच्या संघाला मिळतात.

धक्का छातीवर, कुशीवर, कमरेच्या बाजूला, दंडावर किंवा मांडीच्या पुढच्या व बाजूच्या वरच्या भागावर देता येतो. पाठीवर, डोक्यावर आणि मांडीच्या मध्याखाली धक्का देणे चूक ठरते. हाताने धरणे, तळहाताने ढकलणे आणि कोपर मारणे यांनाही बंदी आहे. चुकीची शिक्षा म्हणून खेळाडूला ३० सेकंद ट्रॅकबाहेर बसावे लागते.

आपल्या भागातल्या अनेक मुली आणि मुले कबड्डी किंवा खो-खो खेळून डर्बीकडे येतात. पायांची ताकद, दम आणि अंगाला अंग लागण्याची सवय या त्यांच्या जमेच्या बाजू आहेत. मात्र कबड्डीत चढाईपटूला हाताने धरण्याची सवय लागलेली असते आणि ती इथे थेट शिक्षा ओढवते. खो-खोत खांबाकडे किंवा पळत्या गड्याकडे झेप घेताना शरीर पुढे झोकून दिले जाते. मातीवर ती झेप शोभते, पण पायांत चाके असताना सिमेंटवर घेतलेली तीच झेप हनुवटी आणि मनगटे फोडते. या दोन सवयी आपल्याला आहेत का, हे सरावाच्या आधीच ओळखून ठेवावे.

टप्पा २ : प्रशिक्षकाला आधीच विचारण्याच्या गोष्टी

सरावाची वेळ आणि जागा एवढेच विचारून थांबू नये. पृष्ठभाग सिमेंटचा आहे, फरशीचा आहे की लाकडी, हे विचारावे, कारण चाकांची निवड त्यावर ठरते. पहिल्या दिवशी अंगाला अंग लावण्याचा सराव असणार आहे का, हे विचारावे. ज्याला अजून थांबता येत नाही त्याला धक्क्याच्या सरावात उतरवणारा वर्ग योग्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. संघाकडे वापरायला देण्याजोगे जादा साहित्य आहे का, तेही विचारावे. असल्यास पहिले दोन-तीन सराव त्यावर करून मग खरेदी करावी, म्हणजे माप चुकत नाही.

दमा, फेफरे, जुने अस्थिभंग, निखळलेला खांदा, डोक्याला पूर्वी झालेली इजा किंवा गरोदरपण असेल तर ते आधी डॉक्टरांना विचारावे आणि प्रशिक्षकाला सांगावे. अठरा वर्षांखालील खेळाडूंनी पालकांची लेखी संमती न्यावी. कनिष्ठ गटात धक्क्याची परवानगी टप्प्याटप्प्याने दिली जाते, ही माहिती पालकांनाही द्यावी.

टप्पा ३ : साहित्याची खरेदी, महत्त्वाच्या क्रमाने

पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवावा: गुडघ्याचे पॅड, हेल्मेट, मनगटाचे गार्ड, माउथगार्ड, कोपराचे पॅड आणि शेवटी स्केट्स. दुकानदार हा क्रम उलटा सांगतो. साध्या स्केट्सवर चांगल्या पॅडनिशी वर्षभर शिकता येते, पण महागड्या स्केट्सवर पातळ पॅड घालून एक महिनाही सुखाने जात नाही.

गुडघ्याचे पॅड. डर्बीत गुडघ्यावर पडणे हे अपघाताने नव्हे, तर ठरवून आणि वारंवार केले जाते. त्यामुळे जाड फोम आणि वर कडक, गुळगुळीत टोपण असलेला पॅड हवा. व्हॉलीबॉलचे मऊ नी-पॅड, औषधाच्या दुकानात मिळणारी लवचीक नी-कॅप आणि लहान मुलांच्या स्केटिंग संचातले पातळ पॅड यांपैकी एकही चालत नाही. पॅड घालून दुकानातल्या फरशीवर दोन्ही गुडघ्यांवर टेकून पाहावे. फरशीचा कडकपणा हाडाला जाणवला तर तो पॅड परत करावा. गुडघा वाकवल्यावर वाटी टोपणाच्या मधोमध बसली पाहिजे आणि पट्टे आवळूनही पोटरीला मुंग्या येता कामा नयेत.

हेल्मेट. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते, बाजूचे दिसू देत नाही आणि शिटी ऐकू येऊ देत नाही. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी दुसऱ्याच्या चेहऱ्याला लागते. सायकलचे हेल्मेट साधारणपणे एका मोठ्या आघातासाठी बनवलेले असते, तर डर्बीत डोके पुन्हा पुन्हा आपटण्याची शक्यता असते. म्हणून स्केटिंगसाठी बनवलेले, मागचा भाग खालपर्यंत झाकणारे हेल्मेट घ्यावे. ते भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर आडवे बसले पाहिजे, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावे आणि मान हलवली तरी हेल्मेट कपाळावर सरकू नये. कुणाकडून जुने हेल्मेट मिळत असेल आणि ते कधी जोरात आपटले आहे का हे सांगता येत नसेल, तर ते घेऊ नये. आतल्या फोमची चीर बाहेरून दिसत नाही.

मनगटाचे गार्ड. तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असलेले गार्ड घ्यावे. डावा-उजवा ओळखून घालावा, कारण उलटा घातलेला गार्ड ऐन पडताना मनगटाला वेडावाकडा ताण देतो. बोटे मोकळी हलली पाहिजेत.

माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार नवशिक्याला पुरेसा आहे. पाण्यात किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच करावे. जास्त वेळ ठेवल्यास तो आकसतो आणि कमी ठेवल्यास दातांचा ठसा उमटत नाही. तोंड उघडल्यावर तो खाली पडला तर पुन्हा बसवावा. तो घालून बोलता आणि पाणी पिता आले पाहिजे, कारण डर्बीत खेळाडू सतत एकमेकांना हाका मारतात. दातांना तारा लावलेल्या असतील तर दंतवैद्यालाच विचारावे.

स्केट्स. डर्बीसाठी क्वाड स्केट्स लागतात, म्हणजे दोन पुढे आणि दोन मागे अशी चार चाके, बूट जोडलेला आणि पुढे टो-स्टॉप, म्हणजे बोटांच्या टोकाखालचा रबरी थांबा. आपल्याकडे लहान मुलांना शिकवण्यासाठी मिळणारे, नेहमीच्या बुटावर पट्ट्याने बांधायचे लांबी-बदलाचे स्केट्स डर्बीत वापरू नयेत, कारण बाजूच्या धक्क्याने बूट त्यातून निसटतो. इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाके असलेले, स्केट्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते वेगाच्या शर्यतीसाठी ठेवावेत आणि क्वाड वेगळे घ्यावेत.

बहुतेक खरेदी ऑनलाइन करावी लागणार असल्याने मापाची चूक इथेच होते. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर उभे राहून टाच भिंतीला लावावी आणि सर्वात लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. दोन्ही पाय मोजून मोठा आकडा धरावा. चपलेचा नंबर सांगून स्केट्स मागवू नयेत, कारण आपल्याकडचा ७ नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो आणि अमेरिकी ७ त्याच्याशी जुळत नाही. उत्पादकाच्या तक्त्यात आपले मिलिमीटर शोधावेत. उभे राहिल्यावर बोटे टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवताना टाच उचलली जाऊ नये. “पुढे वाढेल” म्हणून एक नंबर मोठा घेतला, तर पाय आत सरकतो, घोटा मुरगळतो आणि फोड येतात.

तपासा: सगळे साहित्य आल्यावर ते एकदा घालून दहा मिनिटे खुर्चीवर बसावे. कुठे काचते, कुठे मुंग्या येतात आणि कोणता पट्टा कपड्यात अडकतो, ते इथेच कळते. सरावाच्या सकाळी पहिल्यांदा पाकीट फोडू नये.

टप्पा ४ : स्केट्सची जुळवणी

चाकांची कठीणता अंकाने आणि पुढे ए अक्षराने दिलेली असते. अंक जितका मोठा, तितके चाक कठीण. खडबडीत उघड्या सिमेंटवर ७८ए ते ८५ए यांच्या दरम्यानची मऊ चाके बरी पडतात, कारण ती खडा गिळतात आणि हादरा कमी करतात. गुळगुळीत फरशीवर किंवा लाकडी मैदानावर त्याहून कठीण चाके लागतात. संचासोबत आलेली चाके अनेकदा बंदिस्त मैदानासाठी असतात. ती खरबरीत सिमेंटवर घसरतात आणि नवशिक्याला वाटते की दोष आपल्या पायांत आहे.

प्रत्येक चाकात दोन, म्हणजे दोन्ही स्केट्स मिळून सोळा बेअरिंग असतात. चाकाचा नट पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल करावा. बोटाने फिरवल्यावर चाक मोकळे फिरावे आणि बाजूला हलवल्यास किंचितच हलावे. नटाच्या आत नायलॉनचे कडे असते. ते झिजून नट हाताने फिरू लागला तर नवा नट बसवावा. चाकांच्या वरच्या मधल्या नटाला आणि त्याखालच्या रबरी गाद्यांना पहिल्या सरावापूर्वी हात लावू नये. ते काम प्रशिक्षकासमोर करावे.

टो-स्टॉप असा ठेवावा की स्केट सपाट असताना तो जमिनीला टेकणार नाही, पण टाच थोडी उचलताच टेकेल. त्याचा नट किंवा स्क्रू घट्ट आहे याची खात्री करावी. सैल टो-स्टॉप धावत्या ट्रॅकवर गळून पडला की मागून येणारे पाच जण त्यावरून जातात.

सावधान: बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि धूळ धरून ठेवते. बेअरिंग साफ करून हलक्या यंत्रतेलाचा एखादाच थेंब पुरतो. स्केट्स पाण्याने धुऊही नयेत.

टप्पा ५ : शरीराची दोन-तीन आठवड्यांची तयारी

डर्बीची मूळ उभी राहण्याची पद्धत म्हणजे पाय खांद्याइतके रुंद, गुडघे खोल वाकवलेले, कंबर खाली, छाती वर आणि नजर समोर. पाटावर बसायला निघालेला माणूस अर्ध्यावर थांबला तर जसा दिसेल, तसे. या स्थितीत मिनिटभर टिकणे ही पहिल्या सरावाची खरी परीक्षा असते. ज्याच्या मांड्या थकतात तो सरळ उभा राहतो, आणि जो सरळ उभा राहतो तो मागे पडतो.

म्हणून दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटे पुरे आहेत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखे ३० सेकंद, असे तीन वेळा. बैठका दहा-दहाच्या तीन फेऱ्या, गुडघे आत न वळवता. एका पायावर ३० सेकंद तोल, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मान डावीकडे-उजवीकडे फिरवत, कारण ट्रॅकवर मागे वळून पाहताना तोल जातो. प्लँक २० सेकंदांपासून सुरू करून वाढवावा. घोटे गोल फिरवणे आणि पायाच्या बोटांवर उचलणे रोज करावे. ज्यांना उकिडवे बसता येते त्यांची घोट्याची लवचिकता आधीच चांगली असते. ज्यांची ती सवय सुटली आहे त्यांनी दाराच्या चौकटीला धरून पुन्हा सुरू करावी.

सरावाच्या आदल्या दिवशी जोरदार व्यायाम करू नये. दुखऱ्या मांड्या घेऊन स्केट्सवर चढणे धोक्याचे असते.

टप्पा ६ : पडण्याची तालीम, स्केट्स न घालता

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वात मोलाचा आहे. जमिनीवर सतरंजी किंवा गादी टाकावी, गुडघ्याचे, कोपराचे आणि मनगटाचे संरक्षण चढवावे आणि तीन गोष्टी शिकाव्यात.

पहिली, एका गुडघ्यावर उतरणे. मूळ स्थितीत आणखी खाली जाऊन एक गुडघा पुढे टेकवावा, पाठ सरळ ठेवावी आणि हात छातीजवळ घ्यावेत. उजवा आणि डावा दोन्ही गुडघे आळीपाळीने करावेत. आवडत्या गुडघ्यावरच उतरण्याची सवय लागली की दुसऱ्या बाजूला तोल गेल्यावर शरीर गोंधळते.

दुसरी, दोन्ही गुडघ्यांवर उतरून लहान होणे. गुडघे टेकताच कोपरे आत, मुठी बंद आणि हनुवटी छातीकडे. हात पसरून पडू नये. पसरलेल्या हातावरून दुसऱ्याची चाके जातात आणि शरीराचा सगळा भार मनगटावर येतो.

तिसरी, हात न टेकता उठणे. दोन्ही गुडघ्यांवरून एक पाय पुढे आणून पूर्ण तळवा जमिनीवर ठेवावा, दोन्ही हात त्याच मांडीवर ठेवावेत आणि टाचेवर जोर देऊन उठावे. जमिनीचा आधार घेऊन उठायची सवय घरीच मोडावी.

मागे तोल जातोय असे वाटताच आणखी खाली बसावे आणि एका नितंबाच्या बाजूने कलावे. माकडहाडावर सरळ आपटणे टाळायचे आहे आणि हनुवटी छातीला लावून डोके वाचवायचे आहे. हात मागे टेकवू नयेत.

तपासा: प्रत्येक बाजूने दहा वेळा, न अडखळता आणि हात न टेकता उतरून उठता आले, तरच स्केट्स घालावेत. त्यानंतर हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर, जिथे चाके फिरत नाहीत, तिथे संरक्षक साहित्यासह नुसते उभे राहून गुडघे वाकवण्याचा सराव करावा.

सावधान: गच्चीवर स्केट्स घालू नयेत. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना कळतो आणि ती कठड्याकडे नेतात. चकचकीत टाइल्सची खोली आणि गल्लीतला रस्ता, दोन्ही टाळावेत.

टप्पा ७ : आदली रात्र आणि सकाळ

पिशवीत पॅड, हेल्मेट, माउथगार्ड त्याच्या डबीत, स्केट्स, पाना, जादा मोजे, जादा नाडी, टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि प्रथमोपचाराचे साहित्य ठेवावे. घरातल्या व्यक्तीचा फोन क्रमांक आणि रक्तगट कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवावा.

कपडे अंगासरशी असावेत. पायघोळ सलवार आणि ओढणी चालत नाही. गुडघ्याच्या पॅडखाली लेगिंग्ज घातल्या तर कातडी सोलत नाही. मोजे पातळ, घोट्याच्या वर येणारे आणि घाम शोषून सुकणारे असावेत. जाड सुती मोजे ओले झाले की फोड आणतात. नखे कापावीत.

दागिन्यांबाबत तडजोड नको. मंगळसूत्र, बांगड्या, कडे, लोंबते कानातले, नथ, अंगठ्या, मनगटाचा जाड धागा, सगळे घरी ठेवावे. जोडव्यांचा विचार बहुतेक जणी करत नाहीत. बुटात दाबल्या गेलेल्या जोडव्याने बोट सुजते आणि मग जोडवे कापून काढावे लागते. घरात ते काढण्याला विरोध असेल तर सरावापुरते काढण्याचे कारण आदल्या दिवशीच समजावून सांगावे. केसांची वेणी सैल आणि मानेजवळ बांधावी. हेल्मेटखाली चाप किंवा क्लचर ठेवू नये, कारण आपटल्यावर तो डोक्यात घुसतो.

उन्हाळ्यात सराव पहाटे सहाच्या सुमारास असतो. रिकाम्या पोटी जाऊ नये. अर्धा तास आधी केळे, दोन खजूर किंवा गूळ-शेंगदाण्यांचा लहान लाडू पुरतो. संध्याकाळच्या सरावाआधी भाकरी-भाजीचे जेवण किमान दोन-अडीच तास आधी उरकावे. निर्जळी उपवासाच्या दिवशी पहिला सराव ठेवू नये. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्यांनी प्रशिक्षकाला तसे सांगून नंतरची तारीख घ्यावी.

पाणी सरावाच्या दोन तास आधीपासून थोडे थोडे प्यावे, मैदानावर दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट घ्यावा आणि तहान लागण्याची वाट पाहू नये. खूप घाम येत असेल तर लिंबू, मीठ आणि साखरेचे सरबत किंवा ओआरएस घ्यावे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच विरघळवावे, घट्ट करून पिऊ नये. मळमळ, चक्कर, पायात गोळे किंवा घाम अचानक थांबणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच सावलीत बसून प्रशिक्षकाला सांगावे.

टप्पा ८ : मैदानावर साहित्य चढवण्याचा क्रम

वीस मिनिटे आधी पोहोचावे. प्रथम मैदान झाडावे. एक खडा चाकाला जागच्या जागी थांबवतो आणि माणूस पुढे जातो. धूळ बसवण्यासाठी पाणी मारू नये, ओल्या सिमेंटवर चाके घसरतात.

मग बुटांवर पाच-सात मिनिटे हलके पळून, सांधे मोकळे करून अंग गरम करावे. त्यानंतर बसून क्रमाने चढवावे: माउथगार्ड जवळ ठेवून गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, हेल्मेट, स्केट्स, आणि सर्वात शेवटी मनगटाचे गार्ड. गार्ड आधी घातले तर नाडी बांधता येत नाही आणि नवशिक्या ती सैलच सोडतो. हेल्मेट मात्र स्केट्सच्या आधीच डोक्यावर हवे, कारण चाकांवर पहिल्यांदा उभे राहतानाच मागे पडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

नाडी बांधताना टाच मागे सारून बसवावी. बोटांवर नाडी सैल, घोट्याजवळ घट्ट. पायाचा तळवा बधिर होऊ लागला तर मधली नाडी जास्त आवळली आहे असे समजावे. नाडीची उरलेली टोके आत खोचावीत.

तपासा: शेजारच्या खेळाडूने आपले आणि आपण तिचे साहित्य तपासावे: हेल्मेटचा पट्टा, गार्डचा डावा-उजवा, चाकांचे आठही नट, टो-स्टॉप. स्वतःचे साहित्य स्वतः तपासताना डोळा चुकतो.

टप्पा ९ : पहिल्या तासातल्या पायऱ्या

प्रशिक्षकाचा क्रम अंतिम असतो. तरीही आपण पुढची पायरी मागची जमल्याशिवाय मागू नये.

आधी स्केट्सवर पडणे आणि उठणे, जागच्या जागी. मग टाचा जवळ आणि बोटे बाहेर ठेवून, गुडघे वाकवून लहान पावलांनी चालणे. चाके आपोआप थोडी पुढे जातात, तेवढीच गती पहिल्यांदा पुरे. इनलाइनवरून आलेल्यांनी इथे विशेष सावध राहावे. त्यांना पुढच्या टोकाने मागे रेटण्याची सवय असते आणि क्वाडचा टो-स्टॉप जमिनीत अडकून ते तोंडावर पडतात. रेटा बाजूला द्यायचा, चारही चाके जमिनीवर ठेवून.

त्यानंतर थांबणे. प्लाऊ पद्धतीत पाय खांद्यांहून रुंद करावेत, बोटे थोडी आत वळवावीत, कंबर खाली न्यावी आणि दोन्ही पायांनी बाहेरच्या दिशेने जमीन दाबावी. गुडघे सरळ राहिले की पाय नुसते फाकत जातात आणि थांबणे होत नाही. बोटे फार आत वळवली तर चाके एकमेकांत अडकतात. टी पद्धतीत भार पुढच्या पायावर ठेवून मागचा पाय आडवा, चारही चाकांनी हलकेच ओढायचा असतो.

सावधान: पुढे जात असताना टो-स्टॉप जमिनीवर टेकवून थांबण्याचा प्रयत्न करू नये. पाय थांबतो आणि धड पुढे जाते.

थांबणे दोन्ही पद्धतींनी जमले की मग वेग वाढवणे आणि डावीकडे वळणे. वळताना नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. पायांकडे पाहणाऱ्याची मान खाली जाते, कंबर मोडते आणि समोरचा माणूस दिसत नाही. उजवा पाय डाव्यावरून टाकून वळण्याचा सराव दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचा आहे.

शिट्यांचा अर्थ सुरुवातीलाच समजून घ्यावा. सामन्यात जॅम एका शिटीने सुरू होतो आणि लागोपाठच्या चार शिट्यांनी संपतो. कुणी दुखावले तर इतरांनी जागीच एका गुडघ्यावर बसावे. गोळा होऊन पाहायला जाऊ नये.

टप्पा १० : सरावानंतर

बसून आधी मनगटाचे गार्ड, मग स्केट्स आणि शेवटी हेल्मेट काढावे. स्केट्स पायात असताना हेल्मेट काढून उभे राहून गप्पा मारणे ही सर्वत्र दिसणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे. थंड होण्यासाठी दहा मिनिटे चालावे आणि मांड्या, पोटऱ्या व कंबर ताणून घ्यावी.

डोके आपटले असेल आणि त्यानंतर डोकेदुखी, उलटी, गोंधळ, अंधुक दिसणे किंवा झोपाळूपणा जाणवत असेल, तर त्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरू नये आणि डॉक्टरांकडे जावे. बेशुद्धी, वारंवार उलटी किंवा मानेचे दुखणे असेल तर जखमीला न हलवता १०८ वर फोन करावा. मनगटावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर ते मुरगळणे समजून तेल चोळत बसू नये. तिथल्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, त्यामुळे दुखणे राहिले तर आठ-दहा दिवसांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. मांड्यांचे जडपण दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात सूज किंवा एकाच जागी टोचणारे दुखणे मात्र वेगळे समजावे.

पॅड पिशवीत बंद ठेवू नयेत. घरी येताच दोरीवर सावलीत वाऱ्याला टाकावेत. कडक उन्हात आणि बंद गाडीत प्लास्टिक ठिसूळ होते आणि पट्ट्यांचा चिकटपणा जातो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात दर आठवड्याला धुणे जमत नाही, तिथे ओल्या कपड्याने पुसून वाळवणे चालते आणि महिन्यातून एकदा अर्ध्या बादलीत साध्या साबणाने धुणे पुरते. चाकांत अडकलेले केस आणि दोरे काढावेत, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी आणि सगळे नट पुन्हा एकदा पाहावेत, कारण नव्या स्केट्सचे नट पहिल्या सरावातच सैल होतात.

त्याच संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या बाजूला पडताना भीती वाटली, कोणत्या पायाने थांबता आले नाही आणि कोणता पट्टा काचला. दुसऱ्या सरावाला दहा मिनिटे आधी जाऊन त्या प्रशिक्षकाला दाखवाव्यात.